नाहीचा डबा

ड्रायव्हरच्या घरात फ्रीजवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. त्याच्या झाकणाला फट पाडलेली होती. घरात कोणी ‘नाही’ म्हटलं की त्या फटीतून एक नाणं आत. ‘जमणार नाही’, ‘परवडत नाही’, ‘बरं वाटत नाही’, सगळ्याला एकच दर. ही युक्ती सरांची. सर दर बुधवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ‘भरभराटीचं जीवन’ नावाचा वर्ग घ्यायचे. त्यांचं म्हणणं असं, की जिभेवर अभाव असला की खिशातही अभावच येतो. देवाकडे मागायचं आणि मिळालंच असं बोलायचं. मिळालं नसलं तरी? अहो, तरीच तर विश्वास! महिन्याच्या शेवटी सगळ्यांचे डबे सरांच्या टेबलावर रिकामे व्हायचे. म्हणजे लोकांनी तोंड सांभाळलं तर देवाचं नाव, आणि नाही सांभाळलं तर सरांचा फायदा. काही म्हणा, माणूस धंद्यात हुशार होता.

ड्रायव्हरच्या घरातली वसुली चिमणीकडे होती. चिमणी म्हणजे त्याची मुलगी, वय वर्षं आठ. बापाच्या तोंडून ‘नाही’ निघायचा अवकाश, हिचा तळहात पुढे आलाच म्हणून समजा. नाणं पडल्याशिवाय ती जेवू द्यायची नाही.

चिमणीची आई शिंपीण. कपडे सैल-घट्ट करून द्यायची, चेन बसवायची, पडदे शिवायची. तिला तो डबा डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा. जगात सगळीकडे तोंडदेखलं बोलावंच लागतं. गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला छान दिसतंय’ म्हणावं लागतं, नणंदेला ‘राहा की अजून’ म्हणावं लागतं. निदान देवापुढे तरी खरं बोलायची सोय होती, तीही आता बंद? जुनी स्तोत्रं म्हणणारा माणूस अर्धा वेळ देवाशी भांडतच असतो. खुद्द प्रभूनेही वधस्तंभावरून ‘देवा, मला का सोडलंस?’ असं ओरडून विचारलंच की. त्याच्याकडून कोणी नाणं घेतलं होतं?

पण ती बोलली नाही. कारण खोटं कशाला बोला, त्या वर्गाने ड्रायव्हरचं भलंही केलं होतं. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवून, दुसऱ्यांच्या शिव्या खाऊन तो पार वाकला होता. वर्गाला जायला लागला तशी दारू सुटली. पहाटे उठून प्रार्थना करू लागला, दाढी रोज करू लागला. एक दिवस ताठ मानेने घरी येऊन म्हणाला, “मी गाडीचा मालक आहे.” तेव्हा गाडी नव्हती. मग सहा महिन्यांनी खरंच आली. एका कंपनीने मोडीत काढलेली बस, तिच्यासाठी घरातली सगळी शिल्लक गेली, वर शिंपिणीची चांगली मशीन विकली गेली. आता ती जुन्या मशीनवर शिवायची. दोरा दर वितीला तुटायचा, आणि तरी ‘मशीन चालत नाही’ असं म्हणायची चोरी.

बसची पहिलीच सहल ठरली ती चर्चच्या मुलांची. डोंगरावरच्या तळ्याकाठी जायचं आणि संध्याकाळी परत उतरायचं. ही सहल नीट पार पडली तर शाळेच्या मुलांची वर्षभराची ने-आण ड्रायव्हरला द्यायची, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. हेडमास्तर त्याच चर्चचे. सगळं घर त्या एका सहलीवर टांगलेलं होतं.

एकच भानगड होती, ब्रेक. पाय ठेवला की पॅडल खाली जायचं आणि दोन-तीनदा दाबल्यावर मग धरायचं. मिस्त्री म्हणाला, मास्टर सिलिंडर गेलाय, नवा टाकू. हा मिस्त्री ड्रायव्हरचा लहानपणापासूनचा दोस्त. गॅरेजही त्याचंच, आणि सरांच्या वर्गातही दोघं मांडीला मांडी लावून बसायचे. बुधवारी वर्गात साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय दिलं ते सगळ्यांना सांगायची वेळ आली तेव्हा मिस्त्री उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, “आपल्या भावाच्या गाडीचे ब्रेक नवेकोरे झालेत. आमेन!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्याला मिठी मारली. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारी शिंपीण बसच्या सीटना नवी कव्हरं चढवत होती. ड्रायव्हरला डिझेल भरायचं होतं, म्हणून तो तिला तशीच घेऊन निघाला. ती त्याच्या मागच्याच सीटवर गुडघे टेकून दोरे कापत होती. चौकात सिग्नल लागला तेव्हा तिची नजर सहज खाली गेली. त्याचा पाय खाली गेला, वर आला, परत खाली गेला. बस पुढच्या टेम्पोच्या अगदी जवळ जाऊन थांबली.

“अहो, काय झालं?”

“सगळं उत्तम आहे,” ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या मानेवर घाम होता. पण उकाडाही होताच. आणि मिस्त्रीने तर भर वर्गात सांगितलं होतं. शिंपिणीच्या मनात पाल चुकचुकली, पण ती तिने तिथेच झटकली आणि दोरे कापायला लागली.

शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात नुसता गोंधळ. पोरं बसमध्ये चढत होती, उतरत होती, खिडकीसाठी मारामाऱ्या करत होती. सगळ्यांच्या डोक्यावर शिंपिणीने शिवलेल्या पिवळ्या टोप्या. चिमणी मालकाची मुलगी, त्यामुळे ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट तिची, तिथे कोणाला फिरकू देत नव्हती. ड्रायव्हर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसला होता. चर्चच्या पायरीवर सर माइक घेऊन उभे. ते मागून स्वतःच्या मोटारीने येणार होते. म्हातारे पाळकसाहेब प्रवासाची प्रार्थना करायला चष्मा पुसत थांबले होते, आणि हेडमास्तर हाताची घडी घालून बसकडे बघत होते.

तेवढ्यात मिस्त्रीची बायको फळांची टोपली घेऊन आली. एकटीच.

“तुमच्या पोरी कुठायत?” शिंपिणीने विचारलं.

“ताप आलाय दोघींना.”

शिंपीण चपापली. कारण ही बाई कोण? मागे हात मोडला तेव्हा कोपरापर्यंत प्लास्टर घालून गावभर ‘हात ठणठणीत आहे’ सांगत फिरलेली! वर्गात तिच्याइतकं कट्टर कोणी नव्हतं. घरात कोणी शिंकलं तरी ‘आरोग्य येतंय’ म्हणायची. आणि आज सगळ्यांसमोर, मागेपुढे न बघता, ताप? शिवाय त्या दोघी काल संध्याकाळीच टोप्या न्यायला आल्या होत्या, शिंपिणीच्या दुकानात उड्या मारून मारून त्यांनी बटणांचा डबा सांडला होता.

“काल तर बऱ्या होत्या.”

“रात्रीतनं आला,” मिस्त्रीची बायको म्हणाली, आणि टोपलीतली केळी उगीचच इकडची तिकडे करू लागली. वर बघेना.

शिंपिणीला चौकातला तो पाय आठवला. ती तडक बसच्या पुढे गेली. मिस्त्री फडक्याने काच पुसत होता.

“भावजी, सिलिंडर बदललात?”

“बदललाच समजा, वहिनी.”

“समजायचं राहू द्या. बदललात का?”

“बुधवारी आमेन म्हटलंय ना सगळ्यांसमोर.”

“मग पोरींना का घरी ठेवलंत?”

मिस्त्रीचं फडकं एकाच जागी गोल गोल फिरत राहिलं. इंजिन सुरू झालं आणि आतली पोरं आनंदाने किंचाळली.

बोलावं तर शाळेचं काम गेलं, मशीन गेली ती गेलीच, नवरा चारचौघांत तोंडावर पडला. आणि एवढं करून ताप खरा निघाला तर? गप्प बसावं तर संध्याकाळचा उतार. उतारावर दोन-तीनदा दाबायला वेळ कोण देतो? तिने खिडकीतून चिमणीची पिवळी टोपी पाहिली, आणि मग तिला विचार करावाच लागला नाही. ती पायऱ्या चढून आत गेली.

“अहो, गाडी बंद करा.”

“आता? अगं, लोक बघतायत.”

“बघू देत. ब्रेक झालेले नाहीत.”

हे ती हळू म्हणाली असती तर बरं झालं असतं, पण इंजिनच्या आवाजावर बोलायचं म्हणून ती ओरडली, आणि सगळ्या आवाराने ऐकलं.

सर पायरीवरून लगबगीने आले. आवाज मात्र मधाळ. “ताई, शब्द मागे घ्या. तुमच्या घराचं भविष्य तुमच्या जिभेवर आहे.”

“असेल, सर. पण गाडी ब्रेकवर थांबते.”

“खाली उतर,” ड्रायव्हर दातओठ खात म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, दारू पीत होता तेव्हासुद्धा तो तिच्याशी या सुरात बोलला नव्हता. “माझं चांगलं झालेलं बघवत नाही का तुला? ए मिस्त्री! सांग रे हिला!”

मिस्त्री काचेपलीकडून म्हणाला, “झालेत. आमेन.”

“मग पोरींना घेऊन या,” शिंपीण म्हणाली. “ताप असला तर मी मांडीवर घेऊन बसते. डोंगरावरची हवा चांगली असते म्हणे. जा, आणा. गाडी थांबेल.”

मिस्त्री जागेवरच उभा. हेडमास्तरांनी हाताची घडी सोडली. आणि मग धप्पकन आवाज झाला. मिस्त्रीच्या बायकोच्या हातातली टोपली खाली पडली होती, आणि ती हमसून हमसून रडत होती.

“चुकीचा आला हो सिलिंडर! मापच बसेना. ह्यांनी जुनाच धुऊन परत लावला. मी म्हटलं, सांगून टाका, तर म्हणे बोललेलं परत कसं घेऊ!”

“सोमवारी येणार होता नवा,” मिस्त्री फडक्याकडे बघत पुटपुटला. “मला वाटलं, एक दिवस... एका दिवसाचा तर प्रश्न.”

आयांनी पोरांना खिडक्यांतून अक्षरशः ओढून काढलं. कोणी मिस्त्रीला शिव्या घातल्या, कोणी सरांना. सर माइकवर ‘शत्रू आपल्यात फूट पाडतोय’ असं काहीतरी बोलू लागले, तेव्हा पाळकसाहेबांनी जाऊन भिंतीतलं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला मध्येच थांबवल्याचं लोकांनी पाहिलं नव्हतं. हेडमास्तर ड्रायव्हरकडे एकदा बघून फाटकातून निघून गेले.

शिंपीण हे काहीच बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. मिस्त्रीची बायको बोलली तेव्हा सगळे दचकले होते. हा दचकला नव्हता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

ड्रायव्हरने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“तीनदा दाबलं की धरतो,” तो म्हणाला. “रोज सकाळी आभार मानत होतो. ब्रेक दिलेस म्हणून आभार, काम दिलंस म्हणून आभार. म्हटलं, मानता मानता होईल. गाडीचंही असंच झालं होतं ना.”

“आणि ही?” शिंपिणीने मागच्या सीटकडे बोट केलं. तिला त्याला मारावंसं वाटत होतं. खरंच, हात उचलून मारावंसं.

ड्रायव्हर वळला. चिमणी टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसली होती. सगळी बस रिकामी, आणि ही एकटी आपली जागा धरून.

“बाबा, आपण जायचं ना?”

ड्रायव्हरने तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षभर सांभाळलेली जीभ, अशी सहजासहजी वळते थोडीच!

“नाही,” तो म्हणाला.

चिमणीचा तळहात सवयीने पुढे आला. ड्रायव्हरने खिसा चाचपून एक नाणं त्यावर ठेवलं.

“ब्रेक नाहीत,” तो म्हणाला, आणि दुसरं ठेवलं. “आता शाळेचं काम मिळणार नाही.” आणखी एक. “घरात पैसे नाहीत. तुझ्या आईची मशीन नाही. मला झोप लागत नाही.” नाणी तिच्या हातावरून घरंगळून नव्या कव्हरवर पडू लागली. त्याने दुसरा खिसा उलटा केला. तो रिकामा होता. तरी त्याचं तोंड थांबेना. इस्त्रीच्या शर्टावर नाका-डोळ्यांतलं पाणी गळत होतं आणि तो कोणाशी बोलतोय हेही आता कळत नव्हतं. नजर चिमणीवर नव्हती, शिंपिणीवरही नव्हती. “मला कळत नाही रे, पुढे काय करू. मला काही म्हणजे काहीच कळत नाही.”

शिंपीण बसच्या पायरीवर उभी होती. राग होताच, तो काही एका सकाळीत जाणारा नव्हता. पण नवऱ्याला खरी प्रार्थना करताना ती किती दिवसांनी ऐकत होती.

चिमणीने बापाचे उलटे खिसे पाहिले. मग पुढे केलेला हात मागे घेतला.

“राहू दे बाबा,” ती म्हणाली. “हे फुकट.”