भुताला किल्ली कशाला?

तोदोरका गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, श्राद्धाला सगळं गाव स्मशानात होतं. रिवाजाप्रमाणे गोड गहू वाटून, कबरीवर वाइन ओतून तिचा नवरा स्तोइमेन घरी आला, तर लग्नातली पेटी उघडी आणि तोदोरकाच्या कंबरपट्ट्याची चांदीची बक्कलं गायब. दाराचं कुलूप मात्र शाबूत. संध्याकाळपर्यंत ब्रेझोवित्सा गावात एकच बोलणं: मेलेली बाई स्वतः येऊन घेऊन गेली!

असं बोलायला कारण होतं. अलीकडे ज्याच्या घरी श्राद्ध, त्याच्याच घरी चोरी व्हायची. हे गूढ फक्त मेलेल्यांशी बोलणाऱ्या झाफिरा म्हातारीला उकलायचं. रविवारी तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. ती वितळलेलं शिसं पाण्यात ओती, ते चर्रर करी आणि म्हातारी डोळे फिरवी.

त्या रविवारी स्तोइमेन मागे उभा होता. तिने त्याच्यावर बोट रोखलं.

"तुझी बायको आलीय! अठ्ठावन्नची. गुरुवारी गेली. डाव्या गालावर तीळ!"

"अगं बाई, तंतोतंत!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"रागावलीय. विसरलास म्हणते तिला. बोटातली अंगठी माझ्या अंगणातल्या झऱ्यात सोड. नाहीतर पुढच्या खेपेला तुलाच नेईल."

मरणाचं स्तोइमेनला काही वाटलं नाही. पण ती रागावलीय, हे त्याला सोसेना. विसरला कुठे होता? सकाळी अजून दोघांची कॉफी करायचा आणि एक ओतून द्यायचा.

स्तोइमेन गावच्या वाचनालयाचा शिपाई. त्या आठवड्यात तिथे इन्स्पेक्टर वेनेताबाई हवालदारांना शिकवायला आल्या होत्या. चोरामागे धावण्याआधी चोरी तिथेच आणि तेव्हाच का होते ते शोधा, हा त्यांचा धडा. स्तोइमेन शेगडीत लाकडं सारत होता.

"बाई, गस्तीला नवी गाडी द्या," हवालदार क्रस्त्यो म्हणाला. "दोन द्या."

"आणि फिरवणार कुठे? या चोऱ्यांत सारखं काय आहे, ते सांग आधी."

"भूत!"

वर्ग हसला. स्तोइमेन म्हणाला, "हसू नका रे. मी अंगठी सोडायला निघालोय."

बाईंनी खडू खाली ठेवला. "दादा, बसा जरा. त्या दिवशी किल्ली कुठे होती?"

"कुंडीखाली. सगळ्या गावाची तिथेच असते. गळ्यात बांधून फिरायचं काय?"

"आणि परत आलात तेव्हा?"

स्तोइमेन आठवू लागला. "शेजारच्या कुंडीखाली. म्हटलं, दुःखात मीच चुकलो असेन."

"दादा, भुताला किल्ली कशाला लागते?"

स्तोइमेनने हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"बरं, घर कधी रिकामं असेल, हे कसं कळलं कुणाला?"

"त्यात काय?" क्रस्त्यो म्हणाला. "पत्रकावर वेळ छापलेलीच असते की..." आणि तो खिडकीतून खांबावरच्या पत्रकाकडे बघू लागला.

ब्रेझोवित्सात माणूस गेला की काळ्या चौकटीचं शोकपत्रक खांबाखांबावर लागतं. फोटो, वय, गेल्याचा वार आणि खाली श्राद्धाची वेळ. तोदोरकाचं तर बेकरीच्या दारावरही होतं, तिळासकट.

दुसऱ्या दिवशी खांबांवर नवं पत्रक लागलं: ग्रोझदान, एकाहत्तर वर्षं, फोटोत टोपी नि पांढऱ्या मिशा, खाली शोकाकुल पुतणी वेनेता. पुढच्या रविवारी बाई साध्या कपड्यांत, डोक्याला काळा रुमाल बांधून, स्तोइमेनला घेऊन झाफिराच्या अंगणात गेल्या.

"आलीस का, पुतणी!" झाफिरा किंचाळली. "ग्रोझदानकाका उभेत बघ इथे. एकाहत्तरचे! पांढऱ्या मिशा!"

"काय म्हणतात काका?"

"थंडीने कुडकुडतायत गं. ब्रँडी मागतायत."

"ब्रँडी कुणाला नको?" म्हणत क्रस्त्यो गर्दीतून पुढे आला. त्याने खिशातून कापसाच्या मिशा काढून लावल्या, आजोबांची टोपी चढवली आणि पत्रकातल्या फोटोसारखं तोंड पाडलं. "आजी, मी मेलो कधी?"

अंगण खदखदून हसलं.

"आत्मा सोंग घेऊन येतो!" म्हातारी ओरडली.

"सोंग आमचं होतं, ग्रोझदान नावाचं कुणी नाहीच," बाई म्हणाल्या. "आजीने वाचलं ते खांबावरचं. चोरही तेच वाचतो. दोघांचं साटंलोटं आहे का, मला ठाऊक नाही. पुराव्याशिवाय मी बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. फक्त कुणी अद्भुत काही सांगितलं की विचारा, हे कळायला साधा रस्ता कुठला होता?"

स्तोइमेनने विचारलं, "म्हणजे ती रागावलेली नाही?"

"ते तुम्हाला ठाऊक, दादा. तिच्यासोबत संसार तुम्ही केलात."

स्तोइमेनने थोडा विचार केला. "रागवायची ती. पण असं तिसऱ्याच्या तोंडून नाही. सरळ तोंडावर." आणि अंगठी बोटात तशीच ठेवून तो चालू लागला.

हवालदारांनी पाद्रीबाबांशी बोलून पत्रकावरची वेळ काढून टाकली. ती आता तोंडी सांगतात. श्राद्धाच्या घरी एक शेजारी कॉफी पीत बसतो. कुंड्यांखाली आता फक्त गांडुळं. त्यानंतर गावात श्राद्धाच्या दिवशी चोरी झाली नाही.

पण नदीपलीकडच्या लुगोव्हो गावात सुरू झाली. तिथल्या पत्रकांवर अजून वेळ छापतात. तिथे जाऊन कुणी सांगितलेलं नाही.