काकांच्या बसण्याचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, हसू नका! माझा एक पाय आखूड आहे हे खरे, पण एक घर वाचले त्याचे साक्षीदार मीच आहे.

दारासाठी आणलेल्या फळ्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून एका सुताराने मला घडवले. पाय आखूड निघाला म्हणून कुणी मला घेईना. शेवटी शिवणकाम करणाऱ्या ताईंनी मला आणले, पायाखाली चिंध्यांची घडी सरकवली आणि मशीनशेजारी मानाने ठेवले. पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते आणि मागच्या खोलीत त्या सासूबाईंसोबत राहत.

घरमालक वरच्या मजल्यावर राहत. त्यांना सगळे काका म्हणत. भाडे एक तारखेला द्यायचे ठरले होते, पण शाळेच्या गणवेशांचे पैसे ताईंच्या हाती महिन्याच्या मध्यावर येत. पहिल्याच महिन्यात ताई ओशाळल्या, तेव्हा काका म्हणाले, "अगं, पळून थोडीच जाणार आहेस? मध्यावर मीच येत जाईन खाली."

तेव्हापासून काका जिना उतरत, माझ्यावर ऐसपैस बसत, सुटलेले बटण लावून घेत आणि भाडे खिशात घालून जात. वर्षानुवर्षे हेच चालले. "बसायला झकास आहे हं तुझं स्टूल!" असे ते म्हणत, आणि मी फुशारून जाई.

मग गल्लीत मोठी दुकाने आली आणि काकांच्या पुतण्याचा या खोल्यांवर डोळा पडला. एके दिवशी पुतण्याने लिहिलेली, काकांची सही घेतलेली नोटीस आली: भाडे कायम उशिरा देता, खोल्या रिकाम्या करा. ताईंच्या पायांखालची वाळू सरकली. माझ्या तर चारही पायांखालची! सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मशीन कुठं मांडशील गं आता?" ताईंनी कात्री खाली ठेवली आणि त्या तडक भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत गेल्या.

आता गंमत ऐका. महिन्याच्या मध्यावर जिन्यात ओळखीची पावले वाजली. काका आले, माझ्यावर बसले, बटण लावून घेतले आणि भाडे खिशात घालून गेले. जित्याची खोड, दुसरे काय!

काही दिवसांनी कचेरीतल्या अधिकारी बाई खोल्या पाहायला आल्या. पुतण्या तावातावाने म्हणाला, "मॅडम, या दर महिन्याला उशीर करतात!"

बाईंनी काकांना विचारले, "भाडं न्यायला तुम्ही कधी येता?"

काकांची छाती फुगली. "महिन्याच्या मध्यावर. एकदाही चुकलो नाही! या महिन्यातही येऊन गेलो."

पुतण्याने कपाळावर हात मारला.

"मग उशीर कसला?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं विनातक्रार घेतलंत, नोटीस दिल्यावरही घेतलंत. ही सवय तुम्हीच लावलीत. मोडायची असेल तर आधी लेखी कळवा, पुरेशी मुदत द्या. असं एकदम घराबाहेर काढता येत नाही."

नोटीस रद्द झाली! ताईंनी भर दुकानात सासूबाईंना मिठी मारली. मला उड्या मारता आल्या असत्या तर मी छताला टेकले असते. नव्या करारात तर भाड्याची तारीखच महिन्याच्या मध्यावर आली.

मित्रांनो, इतकी वर्षे चाललेली गोष्ट कुणी अचानक तुमचा गुन्हा ठरवू लागला, तर मान खाली घालू नका. जाऊन विचारा. आणि डुगडुगणारे स्टूल फेकून देऊ नका, त्याच्या पायाखाली घडी सरकवा.

पुढच्या महिन्यात काका बराच वेळ दारातच घुटमळले. शर्टाचे बटण लोंबत होते. ताईंनी मला पुढे ओढले.

"बसा काका. पण आज पावती आधी, बटण नंतर!"