घंटांचा साचा

साचा तीनदा धुऊन झाला तरी त्याचा वास जाईना, तेव्हा किंगाला पहिल्यांदा शंका आली.

नाताळ होऊन तीन दिवस झाले होते. जेवणं आटोपली होती आणि तिचा नवरा बर्ना अंगणात लाकडं फोडत होता. किंगाने तो मऊ लाल साचा उलटा केला, एकेका खळग्यात बोट घालून घासलं आणि पुन्हा नाकाशी नेला. सिलिकॉनला ही एक वाईट खोड असते, एकदा वास धरला की सोडायचं नाव नाही. मागच्या वर्षी संत्र्याचा अर्क वापरला होता तर फेब्रुवारीपर्यंत चॉकलेटला संत्र्याचा वास येत होता. पण हा वास कडू बदामाचा होता, आणि या वर्षी घरात बदाम आलेच नव्हते.

साचे दोन होते. चांदण्यांचा किंगाचा स्वतःचा, त्यात तिने अक्रोडाचं सारण भरलं होतं. घंटांचा हा नवा साचा तिने डिसेंबरच्या सुरुवातीला सासूला भेट दिला होता. एतेल्का म्हणजे सगळ्या गावाची हक्काची आचारीण. लग्न असो की बारसं, चुलीवरचा शब्द तिचाच. साचा बघून तिने नाक मुरडलं होतं. "रबराच्या ताटलीत कुणी मिठाई करतं का? आम्ही पाक संगमरवरावर ओतायचो आणि सुरीने कापायचो." आणि दुसऱ्याच दिवशी बाईसाहेब स्वयंपाकघराचं दार लावून आत बसल्या. खळग्यांना ब्रशने चॉकलेट लावलं, ते गारठल्यावर सारण भरलं, वर चॉकलेटचं झाकण घातलं आणि साचा उलटा करून एकेक घंटा अलगद सोडवली. अशा तीस घंटा झाल्या. आत काय आहे म्हणून विचारलं तर म्हणे गुपित आहे.

मग त्या नाताळच्या रिवाजाप्रमाणे झालरीच्या पांढऱ्या कागदात आणि वर चकचकीत कागदात गुंडाळून झाडाला टांगल्या गेल्या. ही सालोनत्सुकोर, म्हणजे झाडावरची मिठाई, सहा जानेवारीपर्यंत झाडावर राहायची असते. राहत मात्र कुणाच्याच घरात नाही. येता-जाता प्रत्येक जण हात मारतो आणि कागद असा मिटवून ठेवतो की आत मिठाई आहे असंच वाटावं. यंदा बर्नाने आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, बोरोकाला, ही विद्या शिकवली होती. मागून कागद उघडायचा, माल काढायचा, टोकांना पुन्हा पीळ द्यायचा. एतेल्का पोट धरून हसली होती. "चोर बापाची चोर लेक."

नाताळच्या आदल्या रात्री तिने केलेलं माशांचं लाल सूप इतकं खारट झालं होतं की बर्नाने तीन पेले पाणी रिचवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. एतेल्काच्या हातच्या पदार्थाला नावं ठेवायची कुणाची छाती होती? किंगानेही वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

आता ती साचा तसाच ओल्या हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. एतेल्का आरामखुर्चीत कपाळ चोळत बसली होती. गाल तापल्यासारखे लाल झाले होते.

"आई, घंटांमध्ये काय भरलं होतं तुम्ही?"

"आता कळून काय करणार आहेस?"

"सांगा ना."

"बदामी सारण."

"बदाम कुठले?"

"घरचे." एतेल्काला हसू आवरेना. "जर्दाळूच्या बियांतले गर गं. विहिरीजवळच्या झाडाचे गर बदामाच्या तोंडात मारतात. बर्ना लहानपणी मुठीमुठीने खायचा."

ते खरंच होतं. पण एप्रिलमध्ये दंव पडून विहिरीजवळच्या झाडाचा मोहर जळून गेला होता. यंदाचा जाम केला तो जुन्या रुळांच्या कडेला उगवलेल्या रानटी झाडांच्या फळांचा.

"यंदा त्या झाडाला एक तरी फळ धरलं होतं का, आई?"

"मग रुळांकडचे घेतले. त्यात काय झालं? चावून बघितला की एक. कडू असता तर सगळे उकिरड्यावर गेले असते. मला नको शिकवूस."

त्या भागात हे शेंबडं पोरही जाणतं. रानटी जर्दाळूचा गर एका झाडाचा गोड निघतो, तर शेजारच्या झाडाचा कडू, म्हणजे विषारी, आणि ओळखायचं ते जिभेनेच. ज्यांना स्वतःच्या जिभेचा भरवसा नसे ते गर घेऊन एतेल्काकडे येत. ती एक चावायची, ठेवा म्हणायची किंवा फेका म्हणायची, आणि लोक ते ऐकायचे.

किंगाने साचा तिच्या नाकाशी धरला. "वास घ्या."

एतेल्काने क्षणभर डोळे मिटले. "साबणाचा येतोय," ती म्हणाली.

किंगाने साचा खाली ठेवला. ती नाताळच्या झाडाकडे वळली आणि घंटा मोजू लागली. खालच्या फांद्यांवर, वरच्या फांद्यांवर, खिडकीच्या बाजूला. तीसच्या तीस जागेवर होत्या. तिचा जीव भांड्यात पडला. मग सहज म्हणून तिने एक चिमटीत धरली आणि कागद बोटांत चपटा झाला. दुसरी चपटी. तिसरीही. वरच्या फांद्यांवरच्या तेवढ्या भरलेल्या होत्या. पोरीचा हात पोचेल तिथवरची एकूण एक घंटा पोकळ होती.

बोरोका आपल्या खोलीत चित्र रंगवत होती. किंगा तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. आवाज चढू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं.

"झाडावरच्या घंटा तू खाल्ल्यास? खरं सांग, मी रागावणार नाही."

"एकच. शी, कडू होती. कुंडीत थुंकले."

"आणि बाकीच्या?"

"आजीला दिल्या. सकाळी आम्ही खेळत होतो ना. मी चोर, आणि चोरीचा माल आजीकडे लपवायचा." बोरोकाने तक्रारीच्या सुरात सांगितलं, "तर आजीने सगळा खाऊनच टाकला. कडू कुठे आहेत, फार छान आहेत म्हणाली."

किंगाने लेकीचं तोंड हुंगलं, डोळे बघितले, तिला छातीशी आवळून धरलं. पोर वाचली. तिला इतका आनंद झाला की रडू फुटलं, आणि मग बाहेरच्या खोलीत कोण बसलंय हे आठवून त्या आनंदाची लाज वाटली.

एतेल्काची मान मागे कलली होती. जिना चढून आल्यासारखा श्वास लागला होता. तिच्या एप्रनच्या खिशात आणखी दोन घंटा होत्या, मऊ पडलेल्या.

"आई, किती खाल्ल्या?"

"पोरगी देत गेली. तिला नाही कसं म्हणायचं?"

"पण कडू लागल्या नाहीत तुम्हाला?"

अंगणात कुऱ्हाडीचे घाव पडत होते.

"ऑक्टोबरात तो ताप आला ना, तेव्हापासून काहीच लागत नाही, किंगा. मीठ नाही, साखर नाही. वासही नाही. वाटलं, येईल हळूहळू."

"आणि तो गर चावून बघितलात तो?"

"कडू लागला नाही," एतेल्का म्हणाली. "मला वाटलं, गोडच आहे."

किंगाने रुग्णवाहिकेसाठी फोन उचलला. दुसरं मनगट एतेल्काने घट्ट पकडलं होतं, तिची बोटं बर्फासारखी गार होती. "बर्नाला सांगू नकोस. पोट बिघडलंय म्हण. गावात कळलं तर कोण मला चुलीजवळ उभी करील?"

फोनवरची बाई एकामागून एक विचारत होती. वय किती, काय खाल्लं, किती खाल्लं. पंधरा तरी असतील, जास्तही असतील, किंगाने सांगितलं. गर गोड होते की कडू? कडू. मग इतके कडू गर बाईंनी खाल्ले कसे, कुणी बळजबरी केली का?

अंगणातले घाव थांबले होते. बर्ना लाकडांचा भारा घेऊन दारात उभा होता आणि बायकोकडून आईकडे बघत होता. एतेल्काने डोळ्यांनीच किंगाला विनवलं.

"त्यांना चव लागत नाही," किंगा म्हणाली. "ऑक्टोबरपासून. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं."

मनगटावरचा हात सुटला. रागाने सोडला की त्यात जोरच उरला नव्हता, हे किंगाला कळेना, आणि फोनवरची बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, "बाई शुद्धीवर आहेत का?"