खटका पडल्यानंतरची वीस मिनिटं

मी एक जुना राइस कुकर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर माझ्या झाकणाची मूठ केव्हाच तुटली आणि तिच्या जागी एक स्क्रू आणि बाटलीचं बूच बसवलंय. सध्या माझा मुक्काम दुबईजवळच्या अजमानमधल्या एका इमारतीच्या बाल्कनीत आहे. माझ्या पोटात भात नसतो, कपड्यांचे चिमटे असतात. तक्रार करतोय असं समजू नका. म्हणजे करतोयच, पण आधी माझी हकिकत ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यातून काढलं तेव्हा मी दुबईत, अल बर्शाच्या एका दुकानात होतो. साल दोन हजार सहा. समोर एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याने किंमत वाचली. "साठ दिरहॅम. म्हणजे सातशेच्या वर गेले की गं!" बायको म्हणाली, "दत्ता, सकाळी साडेसहाला शाळेची बस येते. माझे हात किती आहेत ते मोज आणि मग बोल." मोजायची वेळ आली नाही. मी त्यांच्या घरी गेलो.

दत्तप्रसाद हा टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मंजुषा भारतीय शाळेत गणित शिकवायची. मुलं दोन, आठ वर्षांचा तन्मय आणि चार वर्षांची शुभ्रा. रोजचा वरण-भात, गुरुवारी मसालेभात, चतुर्थीला मोदकसुद्धा मी वाफवले. शेजारच्या उर्मिलाताई माझं झाकण उघडून म्हणायच्या, "अगंबाई, शीत न्‌ शीत मोकळं!" तेव्हा मला काय वाटायचं ते विचारू नका. माझा स्वभाव एकदम सरळ. भात झाला की माझा खटका टक्‌ करून पडतो. झालं म्हणजे झालं, मी सांगून मोकळा.

त्या घरात एकच दुःख होतं. शुभ्रा शाळेतून आली की घरात आई नसायची. तिची बस आधी यायची आणि मंजुषाची तासाभराने. तो तासभर ती उर्मिलाताईंकडे बूटही न काढता दाराशी बसून राहायची. रोज विचारायची, "आई, टुमारो विल यू बी होम?" मंजुषा म्हणायची, "बाबांना प्रमोशन मिळू दे, मग मी घरीच." प्रमोशन मिळणार होतं. मार्चमध्ये नक्की, असं साहेबांनी सांगितलंही होतं.

दोन हजार आठच्या डिसेंबरात त्यांनी स्वित्झर्लंडला जायचं ठरवलं. लुसर्न नावाचं तळ्याकाठचं गाव, सहा दिवस. तिकिटं उन्हाळ्यातच काढलेली होती. उर्मिलाताईंनी बजावलं, "तिकडे वाटीभर सूप घेतलंस तरी बिल बघून जीव जाईल. कुकर ने." झालं! स्वेटर आणि मोज्यांच्या मधे मला कोंबलं. माझ्या पोटात कोलम तांदूळ, मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. अल बर्शातला कुठला राइस कुकर बर्फात गेलाय, सांगा बघू?

हॉटेलात पोहोचल्यावर माझी पिन तिथल्या भिंतीत शिरेना. दत्तप्रसादने दुबईहून ऐटीत आणलेला जाडजूड अडॅप्टरसुद्धा त्या खोलगट भोकात जाईना. मंजुषा हसून हसून पलंगावर आडवी झाली. शेवटी तो खाली जाऊन काउंटरवरच्या बाईंकडून छोटा अडॅप्टर घेऊन आला, तेही दाढीच्या मशीनसाठी हवाय अशी थाप मारून. मग प्रश्न आला वाफेचा. छताला धुराची घंटा होती. कुकरची वाफ लागून ती वाजली तर? म्हणून माझी रवानगी बाथरूममध्ये झाली. बेसिनच्या शेजारी मला मांडलं, पंखा चालू केला आणि दार लावून घेतलं. स्वित्झर्लंडमध्ये मी सहा दिवस बाथरूममध्ये काढले, मित्रांनो. हे मी उर्मिलाताईंना कधी कळू दिलं नाही.

पण माझं आतलं भांडं मात्र हिंडलं. सकाळी त्यात दहीभात कालवायचा, वर ताटली दाबायची, टॉवेलात गुंडाळायचं आणि पाठपिशवीत टाकायचं. लाकडी पुलावरून ते गेलं. बोटीत बसून तळ्यापलीकडे गेलं. दातेरी रुळांच्या गाडीतून रिगीच्या डोंगरावर चढलं. वर ढगांच्याही वर ऊन होतं म्हणे, आणि खाली नुसता कापूस. बाकावर चौघं एकाच भांड्यातून जेवले. तन्मय लाजून म्हणत होता, "बाबा, पीपल आर लुकिंग." दत्तप्रसाद म्हणाला, "बघू दे की. हवा असेल तर त्यांनाही घास देऊ." संध्याकाळी भांडं परत माझ्यात बसलं तेव्हा गारठलेलं होतं आणि त्याला कडेने शितं चिकटलेली होती. तीन दिवस असे गेले. ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, आणि त्यांच्याही.

चौथा दिवस रविवार होता. लुसर्नमध्ये दुकानं बंद, पण दुबईत रविवार कामाचा वार. दुपारी पाऊसबर्फ पडायला लागला, म्हणून सगळे लवकर परतले. मंजुषाने तांदूळ धुऊन मला लावलं आणि ती बाहेर मुलांबरोबर पत्ते खेळायला बसली. इतक्यात दत्तप्रसादचा मोबाइल वाजला. मुलांचा गलका होता, म्हणून तो बाथरूममध्ये आला आणि त्याने दार लावलं.

फोन भिकाजीचा होता, त्याच्या ऑफिसातला. बोलणं मला ऐकू येत होतं.

"दत्ता, तू सुट्टीवर आहेस, सांगू नये असं वाटत होतं. लिस्ट लागली रे. आपला टॉवरच थांबवलाय. चाळीस जण. तुझं नाव वरून तिसरं आहे."

"प्रमोशनची लिस्ट?" दत्तप्रसादने विचारलं. बिचाऱ्याने खरंच असं विचारलं.

"प्रमोशन कसलं, खलास सगळं. जानेवारीत लेटर देतील. मग व्हिसा कॅन्सल, आणि तीस दिवसांत देश सोडायचा."

तेवढ्यात माझा खटका पडला. टक्‌. भात झाला होता. फोन बंद झाला, तरी दत्तप्रसाद टबच्या कडेवर बसून राहिला. एकदा त्याने नळ सोडला, पण तोंड धुतलं नाही. मी आपला लाल दिवा विझवून पिवळा लावून बसलो होतो. मला वाटलं, आता हा दार उघडेल आणि म्हणेल, मंजू, जरा इकडे ये. त्याने दार उघडलं, पण माझं भांडं उचलून हसत बाहेर गेला. "चला, पानं घ्या!"

दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे पुढचं मला दिसलंही. जेवताना शुभ्रा आईच्या मांडीवर बसली होती. म्हणाली, "आई, हिअर यू आर विथ मी ऑल डे." मंजुषाने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी नोकरी चालू ठेवणार की नाही, हे शाळेला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तो फॉर्म तिच्या पर्समध्ये महिनाभर घडी होऊन पडला होता.

"दत्ता, देऊन टाकू का राजीनामा? खाली हॉटेलचा कॉम्प्युटर आहे. आत्ताच मेल करते."

मित्रांनो, त्या फॉर्मचं मोल तुम्हाला कळायला हवं. तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि त्याच्या मागे बायकामुलांचाही जातो. पण मंजुषा शिक्षिका होती. शिक्षिकेला आपल्या नोकरीवर घरच्यांचा व्हिसा काढता येत असे. म्हणजे दत्तप्रसादची नोकरी बुडाली तरी मंजुषाच्या नोकरीवर ते घर तरलं असतं. त्याने फक्त 'थांब' म्हणायचं होतं. एकच शब्द!

दत्तप्रसादने घास गिळला. त्याने शुभ्राकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या तळ्याकडे पाहिलं.

"दे," तो म्हणाला. "मी आहे ना."

अरे, काय हे! मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पण मला बोलता येतं ते फक्त टक्‌, आणि ते मी मघाशीच बोलून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ते खडकात कोरलेला मरणारा सिंह पाहायला गेले. आल्यावर शुभ्रा सांगत होती, "द लायन वॉज क्रायिंग. अँड बाबा वुडन्ट कम." बाबा म्हणे तिथे थंडीत अर्धा तास उभे होते. तळ्यावरच्या बदकांना त्या दिवशी उरलेला सगळा दहीभात मिळाला.

जानेवारीत लेटर आलं. अल बर्शाच्या स्वयंपाकघरात माझ्यासमोरच त्याने ते मंजुषाच्या हातात दिलं. ती आधी रडली नाही. चपला घालून तडक शाळेत गेली. पण तिच्या जागी अनुराधा नावाच्या नव्या बाईंना घेतलेलं होतं आणि त्या पुण्याहून निघायच्या तयारीत होत्या. प्रिन्सिपल म्हणाल्या, तुमचाच मेल आहे, आम्ही काय करणार? दुसऱ्या शाळांचे उंबरे झिजवले. त्या वर्षी कोणी नवं माणूस घेत नव्हतं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"परत आल्यावर," दत्तप्रसाद म्हणाला.

तीस दिवसांतल्या शेवटच्या आठवड्यात त्याला अजमानमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली. पगार इतका कमी की कुटुंबाचा व्हिसा निघेना. मंजुषा मुलांना घेऊन पुण्याला गेली. जाताना मला तिने नवऱ्याकडे ठेवलं. "निदान गरम भात तरी खा," म्हणाली. "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

अजमानमधल्या खोलीत तीन खाटा होत्या. एक दत्तप्रसादची, एक मुनीरची, एक मोहिद्दीनची. दोघंही रत्नागिरीकडचे. मुनीर बोटींच्या सामानाच्या दुकानात होता, आणि त्याची बायको बिलकीस गावी होती. तो बांगड्याचं कालवण करायचा आणि मी भात. "दत्ताभाऊ, तुमचा कुकर हाय म्हणून घर वाटतं," असं म्हणायचा. मोठ्या मनाचा माणूस. दत्तप्रसाद त्याला लुसर्नचे फोटो दाखवायचा आणि दर वेळी म्हणायचा, "पुढच्या वर्षी आणणार यांना." पहिल्या वर्षी मुनीर म्हणाला, "इन्शाल्ला." चौथ्या वर्षी म्हणाला, "दत्ताभाऊ, राग मानू नका. आमचा अब्बा पन हेच बोलायचा, बारा वर्षं." त्यानंतर फोटो बाहेर निघाले नाहीत.

दर शुक्रवारी पुण्याला फोन व्हायचा. आधी शुभ्रा तासभर बोलायची. मग दहा मिनिटं. मग "हाय बाबा, आय हॅव क्लास" एवढंच. तन्मयचा आवाज फुटला तो आम्हाला फोनवरच कळला. माझं आतलं भांडं खरवडून पांढरं पडलं, भात खाली धरायला लागला. मोहिद्दीनने नवा प्रेशर कुकर आणला. मी फक्त शुक्रवारी लागायचो, दत्तप्रसादच्या हट्टामुळे.

आणि मग दोन हजार सोळा साली त्याचा पगार वाढला. कुटुंबाचा व्हिसा निघण्याइतका! त्या शुक्रवारी त्याने मला घासूनपुसून लावलं आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"मंजू, झालं. या आता. फ्लॅटसुद्धा बघून ठेवलाय."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"दत्ता, तन्मय कॉलेजात आहे. शुभ्रा चौदाची झाली. तिला तू आठवतोस तो फोटोतला. आणि मी इथे आता मुख्याध्यापिका आहे. मी नाही येणार."

"राजीनामा देता येईल की."

"एकदा दिला होता," मंजुषा म्हणाली. "लुसर्नला."

तेवढ्यात माझा खटका पडला. टक्‌. फोनमधून तिलाही ऐकू गेला असणार, कारण ती एकदम थांबली.

"त्या रविवारीसुद्धा हा असाच वाजला होता. मी बाहेरून ऐकलं. त्यानंतर वीस मिनिटं तू आत होतास. तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

दत्तप्रसादने मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, पण तिला उत्तर नकोच होतं.

"काहीतरी झालंय एवढं मला दाराबाहेरच समजलं होतं. पण विचारलं नाही. म्हटलं, दोनच दिवस उरलेत, पोरांची सहल कशाला बिघडवू. मग तू 'दे' म्हणालास, तेव्हा वाटलं, आपल्यालाच भास झाला असेल." मग म्हणाली, "मी तुला एकट्याला दोष देत नाही. पण आता माझ्यात काही उरलेलं नाही रे. जेवून घे."

तो जेवला नाही. भात माझ्यात रात्रभर झाकून राहिला आणि सकाळी तळाला काळा होऊन चिकटला. मुनीरने तासभर खरवडला, पण तो डाग गेला नाही. त्या दिवसापासून मी बाल्कनीत आहे. दत्तप्रसाद अजून त्याच खोलीत राहतो. बघून ठेवलेला फ्लॅट त्याने सोडून दिला. कपडे वाळत घालायला येतो, माझ्यातला चिमटा काढतो, पण माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, कुकर जुना झाला की बाल्कनीत येतो. त्याचं मला इतकं काही नाही. माझी विनंती वेगळी आहे. भात झाला की मी सांगतो, माणसं सांगत नाहीत. तुमच्या घरात कोणी दार लावून आत बसलं असेल आणि बाहेर तुम्हाला काहीतरी बिनसल्यासारखं वाटत असेल, तर दार वाजवा. सहल बिघडली तर बिघडू दे. लुसर्न कुठे पळून जात नाही.