आक्कांच्या हातचे रंग

अहो पावणं, थांबा की जरा! शिवाजी पेठेतलं हे पोपटी घर दिसतंय न्हवं, तेच मी बोलतंय. कैक पिढ्या बघितल्या, पण मला रूप दिलं ते क्रांतीआक्कांनी.

पेठेतल्या पोरांच्या फुटबॉलच्या जर्सी आक्का डिझाइन करायच्या. रंग कापडावर जाण्याआधी माझ्या अंगावर लागायचा. "आठ दिस बघून कंटाळा आला न्हाय, तरच पोरांच्या अंगावर," म्हणायच्या. असं करता करता स्वयंपाकघराची चौकट हळदी झाली, न्हाणीची निळी, जिन्याचा कठडा गुलाबी. लोक हसायचे. हसू देत! मी नव्या नवरीगत मिरवायचं.

गेल्या साली आक्कांची नजर अधू झाली. माणसांचे चेहरे पुसट झाले, पण माझे भडक रंग तेवढे दिसायचे. निळं दिसलं की न्हाणी, हळदी दिसलं की चूल. कुणाला कळू दिलं नाही बाईनं. "कळलं की कोपऱ्यात बसवतील मला," एकट्याच पुटपुटायच्या. ऐकायला मीच होतं.

दिवाळीच्या तोंडावर त्या बहिणीकडं गडहिंग्लजला गेल्या. भावाचा पोरगा यशराज लहानपणापासून त्यांच्याकडंच वाढलेला, आत्तीवर भारी जीव. तिला खूश करायचं म्हणून त्यानं रंगारी बोलावले आणि आतून मला पांढरंफेक करून टाकलं. मी लई कळवळलं, पण घराचं कोण ऐकतंय?

आक्का परतल्या.

"कसं वाटतंय, आत्ती?"

"झ्याक हाय रं," म्हणाल्या आणि पाणी प्यायला आत निघाल्या त्या थेट भिंतीवर आपटल्या. चाचपत चाचपत कोपऱ्यात जाऊन थांबल्या. स्वतःच्या घरात हरवली हो माझी बाई!

"यशा, माझी चूल कुठं हाय रं?"

पोराचा चेहरा पडला. "आत्ती, तुला दिसत न्हाय? कवापासनं?"

"रंग हुतं तवर दिसत हुतं की." आणि आक्का लहान पोरीगत रडल्या.

दुसऱ्या दिवशी यशराज सुट्टी टाकून घरी राहिला. ब्रश त्याच्या हातात, हुकूम आक्कांचा. डब्यात वाकून म्हणायच्या, "मिळमिळीत झालाय. आणि घाल हळदी, कंजूषपणा करू नगंस!" पठ्ठ्यानं चौकटी वाकड्यातिकड्या रंगवल्यात, फरशीवर ओघळ आलेत. पण रंग एकदम झणझणीत.

या, आत या. चहा आक्का स्वतः करतील. एवढंच ऐका माझं, त्या उठल्या की त्यांचा हात धरायला धावू नका.