आजी नसलेला प्रयोग

मी एक हिरवा सोफा. आहे तिघांचा, पण आठ वर्षं माझ्यावर सहा जण दाटीवाटीने बसत आणि घरोघरची माणसं त्यांना टीव्हीवर बघून हसत.

स्टुडिओमागच्या शेडमध्ये एका सुताराने मला घडवलं. पाठीला त्याने जुनी चादर ठोकली. म्हणाला, "पाठ कुणाला दिसतेय?" त्याचं खरं होतं. कॅमेरा कधी मागे आलाच नाही.

मालिकेतली आजी माझ्या डाव्या कोपऱ्यात बसायची. कपड्यांच्या घड्या घालताघालता एखादंच वाक्य बोलायची आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. लोक मालिका बघायचे ते तिच्यासाठी.

मालिका संपली. मग निर्मात्यांनी तिचा रंगमंचावर प्रयोग लावला. 'लाडक्या कुटुंबाला प्रत्यक्ष भेटा' अशी जाहिरात झाली. सहांतले दोघेच आले. आजीला कुणी विचारलंही नव्हतं. तिच्या जागी पांढऱ्या केसांचा टोप घातलेली एक तरुण मुलगी बसली.

पडदा उघडला तेव्हा टाळ्या मला मिळाल्या. नंतर कुणाला मिळाल्या नाहीत. जुनेच विनोद घाईघाईने उरकले जात होते. हसू स्पीकरमधून यायचं, कधी कधी विनोदाच्या आधीच.

तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "अहो, आमच्या आजी कुठे आहेत?"

मुलाचं काम करणारा नट गडबडला. "आजी... गावाला गेल्यात."

"मग त्या आल्यावर करायचा होता की प्रयोग."

कुणी हसलं नाही. स्पीकर तेवढा हसला.

मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मला वाईट वाटलं का? आठवत नाही. इतकी वजनं पेलल्यावर काही जाणवेनासं होतं.

शेवटी माझ्यावर बसून फोटो काढायची सोय होती. एक मुलगी आईला घेऊन आली. वडील गेल्यापासून आईने बोलणंच सोडलं होतं. ही मालिका लागली की तेवढी हसायची, असं ती नटाला सांगत होती. आई आपणहून डाव्या कोपऱ्यात बसली. वजन असं नव्हतंच तिला.

"आई, इकडे बघ. हस ना जरा."

आईने बघितलं. "कोण होती गं ती स्टेजवरची माणसं?"

मुलीने मोबाईल खाली केला. "चल, घरी जाऊ."

फोटो निघालाच नाही. पुढचे प्रयोगही रद्द झाले.

आता मी गोदामात आहे, अंगावर प्लॅस्टिक ओढून. धूळ बसते, बसू दे. एकच सांगतो, कधी कुणी मला घरी नेलंत तर टीव्हीसमोर ठेवा. आठ वर्षं मी त्या मालिकेत होतो, पण ती कधी पाहिली नाही. एखादा भाग लावा. त्या मुलीची आई कशाला हसायची, ते बघायचंय.