वायफायमधली म्हातारी

दुपारी आमच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत अर्धी इमारत जमिनीवर आणि सोफ्यावर शाल पांघरलेले महाराज. त्यांनी मान शालीत घातली.

"माणसं तीन, पण वावर सहांचा आहे," ते म्हणाले. "एक म्हातारी दिसतेय. अडकलीय बिचारी."

"अगं बाई, माझ्या सासूबाई!" माझ्या सासूबाई कळवळल्या.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. भाजीवाला ‘ताजी आहे’ म्हणाला तरी पुरावा मागते, असा माझा लौकिक. तरीही माझ्या अंगावर काटा आला. कारण म्हातारी घरात होती खरी: धापा टाकणारा माझा जुना लॅपटॉप! हे नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात सासूबाई असताना सांगणार तरी कशी?

"तिची सुटका होईपर्यंत डॉक्टरी औषध बंद," महाराजांनी फर्मावलं. सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला.

"आई, अहो डॉक्टरांनी..."

"तुझं विज्ञान कॉलेजात ठेव. म्हातारी यांना कशी कळली, ते सांग आधी!"

ते शोधायला मी आतल्या खोलीत गेले. ते नाव मी फक्त लॅपटॉपमध्ये टाकलं होतं. तो बोलतो कुणाशी? वायफायच्या राउटरशी. कपाटावरचा तो डबा काढला, तीन वर्षांची धूळ पुसली, उलटा केला. खाली चिठ्ठी: सेटिंगच्या पानाचा पत्ता, नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. वायफायचा पासवर्ड मी सोळा अक्षरी ठेवला होता; सासूबाईंनी तो गेल्या आठवड्यात महाराजांना ‘प्रवचन लावायला’ देऊन टाकला होता. आणि सेटिंगचा पासवर्ड मी बदललाच नव्हता. दाराला भलंमोठं कुलूप, तिजोरीची किल्ली तिजोरीलाच!

फोनवर ते पान उघडलं. जोडलेली उपकरणं सहा: माझा, नवऱ्याचा आणि सासूबाईंचा असे तीन फोन, टीव्ही, म्हातारी आणि ‘महाराज-नवीन’. सहावा वावर खुद्द त्यांचाच! यादीतल्या म्हातारीचं नाव खोडून मी ‘भोपळा’ लिहिलं आणि बाहेर आले.

"महाराज, म्हातारी आहे ना अजून?"

मान शालीत गेली.

"म्हातारी... भोपळ्यात बसली."

तळमजल्यावरच्या शिंपीणकाकू फिसकन हसल्या. "लेकीकडे निघाली वाटतं!"

हसता हसता काकूंनीच महाराजांची शाल बाजूला केली. मांडीवर फोन, फोनवर आमची यादी. मी माझा फोन शेजारी धरला. दोन्हीकडे भोपळा. महाराज उठले, आणि घाईत चपला दुसऱ्याच्या घालून गेले.

सासूबाईंनी गोळी घेतली. पेला खाली ठेवत म्हणाल्या, "म्हातारी म्हणजे तो लॅपटॉपच ना? नक्की?"

"नक्की, आई."

मग मी दोन्ही पासवर्ड बदलले आणि ‘महाराज-नवीन’ला यादीतून काढलं. तुम्हीही तुमच्या घरातला तो डबा आजच उलटा करून बघा. आणि कुणी मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी विचारा: हे आणखी कुठे लिहिलेलं आहे? मला विचारायला उशीर झाला. आणि म्हणे मी भौतिकशास्त्र शिकवते!